मिरजेच्या त्या दोघी ताईंना

डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ साली मिशन दवाखाना काढला, तेव्हापासून आमच्याकडचा पेशंट मिरजेलाच जातो. आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा आम्हीही तिथेच धावलो, पण दुसऱ्या एका दवाखान्यात.

संध्याकाळी आईचे कपडे खराब झाले. वॉर्डातली मावशी सापडेना. मला एकट्याला आईला कुशीवरही वळवता येईना, आणि मुलासमोर लाजून ती रडत होती. शेजारच्या कॉटवरच्या पेशंटला भेटायला चर्चमधल्या दोघीजणी आल्या होत्या. "दादा, तुम्ही जरा बाहेर थांबा," म्हणत त्यांनी पडदा ओढला. कोमट पाण्यानं आईचं अंग पुसलं, चादर बदलली, पाठीला पावडर लावली. वेणीसुद्धा घातली! खराब कपडे धुऊन गॅलरीत वाळत टाकले.

नाव विचारलं, तर "प्रभूची सेवा आहे, दादा," एवढंच. पैसे घेतले नाहीत. प्रार्थनेला या, असंही म्हणाल्या नाहीत. मला हे फार मोठं वाटतं. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण चर्चमध्ये पवित्र गुरुवारी करतात. तुम्ही ते पडद्याआड केलंत, कुणी बघत नसताना.

ताई, आई आता काठी धरून चालते. तुमची रोज आठवण काढते. तुम्हा दोघींचे मनापासून आभार.