तान्ह्या पोळ्यानंतरचं पत्र

नागपूर, बुधवार रात्र

ती. बाबा आणि ती. आई,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलणं होत नाही. मी म्युनिकला जायचा विषय काढला की आई म्हणते, "जा बाई, आमचं काय, आमी पाहून घेऊ." आणि बाबा, तुम्ही लगेच संत्र्याच्या फळगळीवर येता. म्हणून आज लिहायला बसले. छकुली आत्ताच झोपली आहे.

तान्ह्या पोळ्याला तुम्ही माझा लहानपणचा लाकडी नंदी काटोलहून पिशवीत घालून आणलात. मागचं चाक नवं, शिंगांना रंग, गळ्यातल्या घुंगरांना नवा दोरा. सोसायटीतल्या पोरांच्या रांगेत नातीला कडेवर घेऊन उभे राहिलात. तिच्या मुठीत बोजाऱ्याची दहाची नोट आली आणि तुम्ही मान फिरवून डोळे पुसलेत. मी पाहिलं, बाबा. आई म्हणाली, "पुढल्या वर्षी स्वतःच नंदी ओढते, पाहा," आणि मग जेवणं होईपर्यंत कोणीच काही बोललं नाही.

यांना म्युनिकची नोकरी आली आहे, ते तुम्हाला माहीत आहे. होकार किंवा नकार महिनाअखेरीस कळवायचा आहे. छकुलीचा पासपोर्ट काढला म्हणजे जायचं पक्कं झालं, असं धरू नका. लहान मुलाच्या अर्जावर आई-बाप दोघांच्या सह्या लागतात, फोटोमागे पांढरंच लागतं, म्हणून त्या खटपटी आधी उरकल्या. फोटोसाठी आईने स्वतःची पांढरी चादर इस्त्री करून अंथरली, वर छकुलीला निजवलं, आणि मानकापूरच्या केंद्रातून परत येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. आई, ती चादर अजून तशीच घडी घालून ठेवली आहे.

खरं सांगते, मला जावंसं वाटतं. माझी २६ आठवड्यांची रजा संपल्यापासून आपलं घर कशावर उभं आहे? आई सोमवारी पहाटेच्या एसटीने ६० किलोमीटर येते, शनिवारी परत जाते. पाच दिवस तुम्ही तिकडे एकटे, सकाळची खिचडी रात्री खाता. आई दुखऱ्या गुडघ्यांनी तीन जिने चढते आणि विचारलं तर "काही नाही दुखत" म्हणते. जर्मनीत एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा हक्क २०१३ पासून कायद्यानेच दिलेला आहे. मोठ्या शहरात त्यासाठी वाट पाहावी लागते म्हणतात, पण हक्क आहे. मला आईच्या गुडघ्यांवर माझी नोकरी चालवायची नाही.

आता जे गोड नाही तेही लिहिते. पाहुणे म्हणून आलात तर व्हिसावर १८० दिवसांतले ९० दिवसच राहता येतं. मार्च २०२४ पासून तिथे नव्याने गेलेल्या कुशल कामगारांना आई-वडिलांनाही राहायला नेता येतं, असा नियम झाला आहे. तो वाचून मी रात्री यांना उठवलं होतं. पण तुमचा सगळा खर्च आम्ही पेलू शकतो हे दाखवावं लागतं, आणि आजारपणाचा विमा लागतो. या वयात, त्यात बाबांची शुगर, तो मिळणं फार अवघड. आणि समजा मिळाला, तरी डिसेंबरात आंबिया बहारासाठी झाडांचं पाणी तोडून ताण द्यायच्या वेळी बाग सोडून तुम्ही यायचे नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

सासू-सासऱ्यांजवळ मोठे दीर आहेत. तुमच्याजवळ मी एकटीच. रात्री बाबांना काही झालं तर आज मी दीड तासात पोचते. तिकडून एक दिवस तरी लागेल. हा हिशेब मी रोज करते आणि तो जुळत नाही.

म्हणून मला तुमची परवानगी नको, ती तुम्ही डोळे मिटून द्याल. तुम्हाला काय हवं आहे ते सांगा. "राहा" म्हणायचं असेल तर "राहा" म्हणा. मी रागावणार नाही, आणि तुमच्यामुळे राहिले असं आयुष्यात कधी बोलून दाखवणार नाही. भीती वाटत असेल तर कसली, तेही सांगा. आई, तूही वेगळं सांग. बाबांच्या उत्तराखाली नुसती सही करू नकोस.

रविवारी आम्ही तिघंही काटोलला येतो. तोवर दोघांनी आपसात बोलून घ्या. बाबा, पायाची ती जखम भरली का, ते मात्र उद्याच फोनवर सांगा. आणि फळगळ थांबली का तेही.

छकुली नंदीचं डावं शिंग चावते. रंग निघतो आहे, म्हणून मी तो कपाटावर ठेवलाय. येताना घेऊन येते, रंग खरवडून द्या.

तुमची,
बेबी