स्पीडवे म्हणजे महामार्ग नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात आतल्या पानावर 'कॉव्हेंट्रीचा महामार्ग अजून बंदच' अशी चौकट वाचली. मी इंग्लंडमधल्या त्या शहरात नोकरीनिमित्त तीन वर्षे काढली, म्हणून उत्सुकतेने वाचायला घेतली आणि चौथ्या ओळीला हसू फुटले. बातमी रस्त्याची नव्हतीच. 'कॉव्हेंट्री बीज' या मोटारसायकल शर्यतीच्या संघाची होती. भाषांतर करणाऱ्याने 'स्पीडवे'चा महामार्ग करून टाकला! आपल्याकडे हा खेळ फारसा कुणी पाहिलेला नाही, त्यामुळे राग नाही. पण त्या संघाची कहाणी चौकटीत गुदमरली, म्हणून हे पत्र.

स्पीडवेची गाडी ५०० सीसीची, तिला गिअर एकच आणि ब्रेक नाहीच. लंबगोल मातीच्या धावपट्टीवर चार स्वार, चार फेऱ्या, मिनिटभरात खेळ खलास. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याच्या हाती भोपळा. वळणावर मागचे चाक मुद्दाम घसरवायचे आणि लोखंडी तळ लावलेला डावा पाय जमिनीवर टेकवून गाडी सावरायची. जत्रेतला मौत का कुआँ आडवा पाडून त्यात एकाच वेळी चौघांना सोडले तर कसे दिसेल, तसे काहीसे. इंधन मिथेनॉल आणि वंगणाला पूर्वापार एरंडेल. लहानपणी आजीने नाक दाबून पाजलेल्या एरंडेलाचा वास मला इंग्लंडात, पहिल्या वळणाशी उभा असताना, पुन्हा आला. वर चहाच्या कपात धावपट्टीची बारीक खडी.

कॉव्हेंट्रीजवळच्या ब्रँडन गावातल्या मैदानात या शर्यती १९२८ साली सुरू झाल्या. त्याच वर्षी हा खेळ ऑस्ट्रेलियातून येऊन ब्रिटनभर पसरला होता. कॉव्हेंट्री शहर सायकली आणि मोटारसायकली बनवणाऱ्यांचे, तेव्हा प्रेक्षक शोधावे लागले नाहीत. ट्रायम्फ ही मोटारसायकल कंपनी मूळची तिथलीच. १९४० च्या नोव्हेंबरात जर्मन बाँबवर्षावात शहराबरोबर तिचा कारखानाही गेला. त्या नावाच्या काही मोटारसायकली आज आमच्या चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होतात, हा योग मला अजून गमतीचा वाटतो.

'बीज' हे नाव युद्धानंतरचे, १९४८ चे. त्यापुढच्या काळातला जुन्या मंडळींचा लाडका म्हणजे नायजेल बूकॉक. सगळे स्वार काळ्या चामड्यात असायचे तेव्हा हा निळा पोशाख घालून उतरायचा. संघाचे १९६८ चे लीग अजिंक्यपद त्याच्या जमान्यातले. मग डेन्मार्कचा ओले ओल्सेन आला. तीन वेळा जगज्जेता, त्यातले तिसरे पद १९७८ चे. त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षीही संघ लीग जिंकला. १९८७ आणि ८८ मध्ये पुन्हा. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात काही वर्षे संघाची मालकी भारतीय वंशाच्या अवतार संधू यांच्याकडे होती. २००५ आणि २००७ ची अजिंक्यपदे त्या काळातली. आपल्या वाचकाला जवळची वाटेल अशी हीच एक गोष्ट होती, ती चौकटीत नेमकी गाळली.

२०१० मध्येही संघ अव्वल होता. म्हणजे खेळ रोडावला म्हणून संघ बसला, असे झालेले नाही. त्याच्या पायाखालची जमीन गेली. मैदान विकसकाच्या हाती गेले, तिथे शंभरावर घरे बांधायची योजना आली, आणि २०१६ चा हंगाम ब्रँडनमधला शेवटचा ठरला. २०१८ मध्ये संघ खालच्या लीगमध्ये, शेजारच्या लेस्टरच्या धावपट्टीवर उपऱ्यासारखा खेळला, तोही एकच हंगाम. आपल्या बैलगाडा शौकिनांना हे चटकन कळेल. घाट दुसऱ्याच्या गावचा असला की बारी आपली असूनही मजा येत नाही.

'प्रशासनाने दुर्लक्ष केले' हे आपल्या चौकटीतले वाक्य तर साफ उलटे आहे. मैदान ज्या हद्दीत येते त्या रग्बी बरो कौन्सिलने २०२२ मध्ये घरांची परवानगी नाकारली. विकसक अपिलात गेला, तिथेही २०२३ च्या अखेरीस हरला. पडके, जळालेले स्टँड वाचवण्यासाठी प्रेक्षकांनी संघटना काढून वर्षानुवर्षे हरकती नोंदवल्या. घरे अडली. पण परवानगी नाकारली तरी मालक मैदान उघडून देत नाही. अडचण इथे आहे, महामार्गावर नाही.

खुलासा छापणार असाल तर एक विनंती. 'बीज' म्हणजे मधमाश्या, एवढे कंसात जरूर द्या. आम्ही राहतो देहूच्या जवळ. नुसते 'कॉव्हेंट्री बीज' वाचून इकडे कुणीतरी विचारेल, तिथेही वैकुंठगमन सोहळा असतो का?

कळावे,
आपला एक जुना वाचक, चाकण