कारखाना गोंदियात, अनुदानासाठी गिऱ्हाईक मात्र महाराष्ट्रातलंच

संपादक महोदय,

विदर्भात उद्योग का टिकत नाहीत, यावर दर हिवाळी अधिवेशनात बोललं जातं. वीजदर, रस्ते, विमानतळ सगळं निघतं. अनुदानाचा हिशेब कशावर होतो, तिकडे मात्र क्वचितच कोणी वळतं.

उद्योगांना सवलती देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना राज्यात १९६४ पासून आहे. तालुका जितका मागास, तितकी सवलत जास्त, हे तिचं सूत्र. त्याबद्दल तक्रार नाही. पण २०१९ च्या योजनेतला मोठा लाभ, म्हणजे औद्योगिक प्रोत्साहन अनुदान, एसजीएसटीला, म्हणजे जीएसटीतल्या राज्याच्या वाट्याला, बांधलेला आहे. विक्री पहिली, म्हणजे कारखान्याने स्वतः केलेली हवी, महाराष्ट्रात हवी, आणि ज्याच्या नावे बिल फाडलं त्याच्याच दारात माल उतरायला हवा.

आता गोंदिया नकाशावर पाहा. मध्य प्रदेशातलं बालाघाट ४०-४५ किलोमीटरवर, छत्तीसगडातलं राजनांदगाव रेल्वेच्या मार्गावरच, आणि मुंबई रेल्वेने साडेनऊशे किलोमीटरच्या पुढे. समजा, इथल्या पीव्हीसी पाइपच्या कारखान्याने करापूर्वी १ कोटीचा माल विकला. जीएसटी १८ टक्के. सगळा माल राज्यातच गेला तर एसजीएसटी ९ लाख, आणि अनुदान त्या ९ लाखांवर मोजलं जाणार. पण ७० लाखांचा माल मध्य प्रदेश-छत्तीसगडात गेला तर त्यावर आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीवरचा जीएसटी, लागतो आणि राज्याचा वाटा माल वापरणाऱ्या राज्याकडे जातो. मग अनुदानाचा पाया उरतो २ लाख ७० हजार. यंत्रं तीच, मजूर तेच, तालुकाही तोच. शिवाय कारखान्याची पात्रतेची मुदत संपली की न मिळालेला लाभ बुडीत.

व्हॅटच्या काळात आंतरराज्य विक्रीवरचा २ टक्के केंद्रीय विक्रीकर (सीएसटी) निदान आपल्या राज्याकडे राहत होता आणि २०१३ च्या योजनेत तो हिशेबात धरला जायचा. १ जुलै २०१७ नंतर तो आधारही गेला.

यातून पळवाट काय, तर माल नागपूरच्या व्यापाऱ्याला विकून आधी त्याच्या गोदामात उतरवायचा आणि तिथून पुन्हा बालाघाटला पाठवायचा. नुसतं बिल नागपूरचं आणि ट्रक थेट बालाघाटला, हे चालत नाही. म्हणजे ४५ किलोमीटरच्या वाटेसाठी माल आधी दीडशेहून अधिक किलोमीटर उलट्या दिशेला न्यायचा. डिझेल, हमाली आणि व्यापाऱ्याची दलाली वजा केल्यावर अनुदानातलं फारसं हाती लागत नाही.

जो कर तिजोरीत आलाच नाही तो परत कसा द्यायचा, हे वित्त विभागाचं म्हणणं हिशेबाला धरून आहे. पण मग ही करपरतावा योजना आहे, असं सरळ म्हणावं. रोजगार आणि मागास भागाचा विकास ही नावं कशाला? पुण्याजवळच्या कारखान्याला राज्यातच मोठं गिऱ्हाईक मिळू शकतं. सीमेवरच्या जिल्ह्यांचा नैसर्गिक बाजार राज्याबाहेर आहे, आणि नेमके तेच जिल्हे मागास यादीत आहेत.

परतावाही आधी कर भरा, मग दावा करा, मग मंजुरी आणि मग तरतूद असेल तेव्हा पैसे, अशा क्रमाने मिळतो. बँक खेळतं भांडवल ठरवताना असं येणं धरत नाही. लहान कारखाना बंद पडतो तो बहुधा याच फटीत.

तमिळनाडूत औद्योगिकदृष्ट्या मागास विकासखंडांतल्या (ब्लॉकमधल्या) लघुउद्योगांना यंत्रसामग्रीच्या किमतीवर २५ टक्के भांडवली अनुदान आहे. माल कुठे विकला, याचा तिथे प्रश्नच येत नाही. आपल्याकडे पुढच्या योजनेत निदान ड आणि ड+ या मागास वर्गवारीतल्या तालुक्यांपुरता मुख्य लाभ दिलेल्या मजुरीशी जोडावा. दरमहा भरलेलं पीएफचं चलन हा त्याचा पुरावा. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर पीएफ सक्तीचा नसतो, तिथे ईएसआयचा (कामगार राज्य विम्याचा) भरणा पाहावा. हजेरीपटावर खोटी नावं चढतील ही शंका रास्त आहे, पण प्रत्येक नावापोटी दरमहा वर्गणी भरावी लागत असल्याने ती लबाडी फुकट पडत नाही. अनुदानाचा दर त्या वर्गणीहून फार चढा ठेवला नाही, म्हणजे झालं.

आपला,
एक करसल्लागार, गोंदिया