पाचूच्या भावात फ्लोरस्पार

महोदय,

शहरात मध्यंतरी भरलेल्या एका प्रदर्शनातून आमच्या भावजयीने हिरव्या खड्याची अंगठी आणली. ‘पाचूच्याच जातीचा, पण स्वस्त’ असं सांगून विकलेली. दिवाळीत घेतली आणि संक्रांतीपर्यंत खड्याचं तेज गेलं, कडा बोथटल्या, एक कोपरा तिरका, गुळगुळीत निखळला. तो कोपरा हातात घेतला आणि हसूच आलं. हा तर आमचा फ्लोरस्पार! खनिजशास्त्रात याला फ्लोराइट म्हणतात, म्हणजे कॅल्शियम आणि फ्लोरिन. पाचूशी याचं काही नातं नाही.

माझी नोकरी शिरोलीच्या फाउंड्र्यांत क्युपोलापुढे, म्हणजे लोखंड वितळवायच्या उभ्या भट्टीपुढे गेली. कोक, पिग (कच्चं लोखंड), भंगार, चुनखडी असे थर भरताना फ्लोरस्पार थोडासा टाकायचा. चुनखडी मळ गोळा करते, पण तो मळ, म्हणजे स्लॅग, घट्ट राहिला तर त्याच्या भोकातून बाहेर यायला तयार नसतो. फ्लोरस्पार त्याला पातळ करतो. हात सैल सुटला तर मात्र तो भट्टीच्या अस्तराच्या विटाही खातो, म्हणून नव्या पोराच्या हाती आम्ही ते घमेलं देत नसू. एकदम तापला की तडतडतो आणि कपच्या अंगावर येतात. जांभळा, हिरवा, पिवळट, पांढरा असे सगळे रंग त्या ढिगात असायचे. आपल्या देशात तो गुजरातेत आंबाडुंगरला सापडतो.

दगड वाईट नाही हो. कॅमेऱ्याच्या भारी लेन्समध्ये कारखान्यात वाढवलेला फ्लोराइट वापरतात, कारण त्यातून जाताना प्रकाशाचे रंग फारसे फाकत नाहीत. अतिनील प्रकाशात याचे कितीतरी नमुने निळे चमकतात. स्टोक्स या शास्त्रज्ञाने 1852 मध्ये या चमकण्याला फ्लुओरेसन्स हे नाव दिलं ते याच दगडावरून. संग्रहासाठी कोणी घेत असेल तर खुशाल घ्यावा.

अंगठीत मात्र तो टिकायचा नाही. खनिजांचा कठीणपणा 1 ते 10 असा सांगणाऱ्या मोह्सच्या मापात याचा कठीणपणा 4, ॲमेथिस्ट या जांभळ्या खड्याचा 7, पाचूचा साडेसात ते 8. घरातल्या धुळीत गारेचे (क्वार्ट्झचे) कण असतात, तेही 7 चे. म्हणजे खडा नुसता पुसला तरी त्यावर ओरखडे उठणार. शिवाय तो चार ठरावीक दिशांनी सरळ फाटतो, त्यामुळे ओट्यावर एक ठोका पुरे. ‘नैसर्गिक पिरॅमिड’ म्हणून जे आठ बाजूंचे तुकडे विकतात, ते बहुतेक असेच फोडून काढलेले असतात. जमिनीत हा स्फटिक बहुधा चौकोनी ठोकळ्यासारखा वाढतो.

पारख अवघड नाही. खड्याच्या झाकल्या बाजूला पोलादी ब्लेडचं टोक ओढून पाहा. फ्लोराइटवर रेघ उमटते, पाचू-ॲमेथिस्टवर उमटत नाही. सुटा खडा असेल तर वजनही सांगतं: फ्लोराइट पाण्याच्या 3.18 पट जड, ॲमेथिस्ट 2.65 पट. गुजरीतला जुना सराफ तर भिंगातूनच सांगेल. माझं मागणं एवढंच, की विकणाऱ्याने बिलावर ‘फ्लोराइट’ असं स्वच्छ लिहावं आणि घेणाऱ्याने ते लिहून मागावं. प्रदर्शनाला हॉल भाड्याने देणाऱ्यांनीही ही अट घालायला काय हरकत आहे?

आणि कृपा करून घरी तेजाब टाकून परीक्षा करू नका. फ्लोराइटवर गंधकाम्ल पडलं की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. शीतकवायूंसाठी कारखाने ते मुद्दाम बनवतात, पण बंदोबस्तात. काच खाणारं हे आम्ल कातडीतून आत उतरतं, सौम्य असेल तर सुरुवातीला दुखतही नाही, आणि दुखायला लागतं तोवर आतलं मांस जळालेलं असतं. चुकून अंगावर उडालंच तर भरपूर पाण्याने धुवत राहा, लगेच दवाखाना गाठा, आणि डॉक्टरांना आम्लाचं नाव सांगा.

– एक निवृत्त मेल्टर, उद्यमनगर, कोल्हापूर