गळाचा दोर

पंचवटी, नाशिक
१४ एप्रिल २०२६

प्रिय मित्रा,

तुझ्या बढतीची बातमी कळली आणि फार आनंद झाला. फायर स्टेशन आता तुझ्या हाताखाली. आज अग्निशमन सेवा दिन, १९४४ साली मुंबई गोदीच्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांना सकाळी मानवंदना दिली असशील. शिवाय भीमजयंती, म्हणजे तुझी स्टेशनवरची पोरं रात्री उशिरापर्यंत मिरवणुकीच्या मार्गावर उभी असणार. म्हणून फोन न करता पत्रच लिहितोय, निवांत वाच.

मी नोकरी केली त्या गावातली एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. विहिरीत मूल पडल्याची वर्दी होती. पाणी खोल, त्यात गाळ. आमच्या एका तरुण फायरमनने दोराला बांधलेला लोखंडी गळ तासभर पाण्यात फिरवला. गळ लागला की दोराला एक जड ओढ बसते, तुला माहीत आहे. ती त्याच्या हाताला बसली. मूल पाच-सहा वर्षांचं होतं आणि त्याचीही मुलगी त्याच वयाची.

परत आल्यावर तो हौदापाशी बसून दोर धूत राहिला. स्वच्छ झालेला दोर पुन्हा पुन्हा धुवत होता. मी लांबून पाहिलं, रजिस्टरला नोंद केली आणि जाता जाता म्हणालो, "होईल सवय." पुढे तो ड्युटीवर पिऊन यायला लागला, तेव्हा मी त्याला मेमो दिला. नियमाने दिला. वर्षभरात त्याने नोकरी सोडली. दोराची गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली होती आणि तरी मेमो लिहिताना ती मला आठवली नाही. हे मनातून जात नाही रे.

गेल्या महिन्यात दिंडोरीकडे त्याला भेटायला गेलो. द्राक्षबागेत कामाला आहे, दारू सुटलीय. चहा पिताना म्हणाला, "साहेब, अजून बादली ओढताना हात दचकतो. कुणी विचारलं असतं तर तेव्हाच बोललो असतो."

म्हणून तुला कळकळीने सांगतो. वर्षातून एकदा समुपदेशक बोलावून शिबिर घेशील, ते घेच. पण वर्दीवरून गाडी परत आल्यावरची पहिली पंधरा मिनिटं साहेबाची असतात. रिपोर्ट नंतर लिही. आधी पोरांमध्ये चहाला बस. काय झालं ते सगळं सांगा, असा आग्रह मात्र धरू नकोस. अशा प्रसंगानंतर सगळ्यांना एकत्र बसवून तपशील वदवून घेण्याची पद्धत १९८३ साली अमेरिकेत सुरू झाली आणि जगभर पसरली. पुढे तपासलं तर एका बैठकीत असं उकरून काढल्याने आघात टळत नाही असं दिसलं, आणि आता जागतिक आरोग्य संघटनाही ते करू नका म्हणते. "जेवलास का, घरी कोण आहे, आज सोडायला येऊ का" इतकं विचारलं तरी माणूस हलका होतो. बोलला तर ऐकायचं, नाही बोलला तर शेजारी बसायचं. आठवड्याने पुन्हा विचारायचं. आपण नेमके इथेच विसरतो.

यात वरिष्ठाने किती फरक पडतो याचा ऑस्ट्रेलियात चांगला अभ्यास झालाय. न्यू साउथ वेल्सच्या अग्निशमन दलातले १२८ अधिकारी घेतले. काहींना फक्त चार तासांचं प्रशिक्षण दिलं: हाताखालच्या माणसाचं बिनसलंय हे कसं ओळखायचं, त्याच्याशी कसं बोलायचं, रजेवर असला तरी संपर्क कसा ठेवायचा. सहा महिन्यांनी पाहिलं तर त्यांच्या जवानांच्या कामामुळे पडणाऱ्या आजारी रजा कमी झाल्या होत्या. २०१७ साली हे छापून आलं. शिकवलं साहेबांना आणि गुण आला जवानांना. चार तास तर आपण होज ड्रिलला देतो.

पोरांची मोठी भीती ही की सर्व्हिस बुकात लागेल, बढती अडेल, 'मेंटल' म्हणतील. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिलाय, हे तू स्वतः हजेरीला उभं राहून सांग. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर कंट्रोलच्या फोनशेजारी लाव. फुकट आहे, रात्री-अपरात्री चालतो. आणि जमलं तर एकदा सांग, "मलाही त्या रात्री झोप लागली नव्हती." तू बोललास की ते बोलतील.

सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे. २००३ च्या कुंभातली चेंगराचेंगरी आठवते ना, कितीतरी भाविक गेले. ज्यांनी ती प्रेतं उचलली त्यांना नंतर कुणी काय विचारलं, कोण जाणे. तसा प्रसंग पुन्हा येऊ नयेच, पण आला तर प्रेतं उचलण्याचं काम एकाच जोडीकडे दिवसभर ठेवू नकोस, पाळी बदल. ज्याचं मूल लहान आहे त्याला लहान मुलापाशी पाठवू नकोस, माणूस हाताशी असेल तर. आणि रामकुंडावरची ती पोहणारी पोरं लक्षात ठेव. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीपाशी बुडणाऱ्याला काढायला आपल्या आधी तीच उडी मारतात. बरीचशी कुठल्या हजेरीपटावर नाहीत, म्हणून त्यांना साहेबही नाही. तुझ्या चहात त्यांचे कप धर.

वहिनींना एक सांग: तू घरी येऊन गप्प बसलास तर मला फोन करायचा. तुझी चौकशी वरून कोण करणार, ठाऊक नाही. मी करीन.

रविवारी तो द्राक्षबागेतला माझ्याकडे जेवायला येतोय. सुट्टी मिळाली तर तूही ये. तुझ्या पोरांशी बोलशील का, असं मी त्याला विचारलंय. विचार करून सांगतो म्हणाला.

तुझा,
जुना जोडीदार