शनिवारच्या खेळाआधी: नियम आणि गेम मास्टरचा शब्द

सदस्यांनो, शनिवारी संध्याकाळी 5 वाजता नेहमीच्या खोलीत डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवण्याच्या खेळाची नवी मोहीम सुरू होते आहे.

- खेळताना गेम मास्टरचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा, निर्णय अंतिम. हरकत एकदा, थोडक्यात सांगा. नियमांचे पुस्तक उघडून खेळ अडवू नका. वाद खेळ संपल्यावर, हवा तेवढा!
- गेम मास्टरांनो, तुम्ही बदललेले नियम पहिला फासा पडण्याआधीच सांगा. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत वीस बाजूंच्या फाशावर 20 पडले की हल्ला हमखास लागतो. पण कुलूप उघडण्यासारख्या चाचणीत 20 म्हणजे आपोआप यश नव्हे. अनेक जण तसे धरून चालतात आणि नेमकी तिथेच भांडणे होतात. एखाद्याचे पात्र मरणाच्या दारात असताना नवा नियम काढणे चालणार नाही.

येणार नसाल तर गुरुवारपर्यंत कळवा.