तुझ्या आखडलेल्या साखळीविषयी

पाषाण, पुणे

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी पाठवलेला तुझा आलेख मी नीट पाहिला. अल्फा-सिन्युक्लिन या ठरलेली घडी नसलेल्या प्रथिनाच्या साखळीची रेडियस ऑफ जायरेशन, म्हणजे ती मध्यापासून किती पसरली आहे त्याचे माप, तुझ्या संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये १.९ नॅनोमीटरपाशी स्थिरावली आहे, आणि स्मॉल-अँगल एक्स-रे स्कॅटरिंगचे, म्हणजे तुम्ही मुले ज्याला नुसते 'सॅक्स' म्हणता त्या क्ष-किरण प्रयोगाचे, प्रसिद्ध झालेले आकडे मात्र तीनच्या वरचे, काही तर चारच्या आसपासचे आहेत. फोनवर तू "सहा महिने पाण्यात गेले" एवढेच म्हणालीस आणि "बघू" म्हणून विषय मिटवलास. बोलताना तू मला वाक्य पुरे करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. शिवाय आज गुरुवार असल्याने सकाळपासून वीज नाही आणि हातात दुसरे कामही नाही.

तुझ्या प्रबंधाच्या समितीतील एका सदस्यांनी "ज्याला आकारच नाही त्याचा आकार मोजायचा कशाला" असे विचारले, त्याचे तुला जास्त लागलेले दिसते. ते मनावर घेऊ नकोस. त्यांच्या पिढीने, आणि थोडीफार माझ्याही, प्रथिनांचे शास्त्र घडी घातलेल्या प्रथिनांवर शिकले. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये विकर आणि त्यात बसणारा रेणू यांना कुलूप-किल्लीची उपमा दिली, अन्फिन्सन यांना १९७२ चे नोबेल मिळाले ते अमिनो आम्लांच्या क्रमातच घडीची सूचना दडलेली असते हे दाखवल्याबद्दल, आणि त्यानंतर घडी म्हणजेच काम हे समीकरण इतके घट्ट बसले की ज्या प्रथिनांचे स्फटिक होत नसत ती सदोष नमुना म्हणून बाजूला पडत असत. राइट आणि डायसन यांचा या समीकरणाचा फेरविचार करा असे सांगणारा लेख १९९९ चा आहे. म्हणजे हे क्षेत्र तुझ्याहून फार मोठे नाही. इस्त्री करून कपाटात ठेवलेल्या साडीला आकार असतो हे खरे, पण दोरीवर वाळत घातलेल्या साडीचा आकार कोणता असे विचारले तर उत्तर एका चित्रात देता येत नाही, ती किती वेळ कशी फुगते आणि कुठे गुंडाळली जाते हे सांगावे लागते. आणि तेही मोजता येते. २०१८ साली प्रोथायमोसिन-अल्फा आणि हिस्टोन एच-१ या प्रथिनांच्या जोडीविषयी जे प्रसिद्ध झाले ते त्या सदस्यांना अवश्य दाखव. दोन विरुद्ध विद्युतभाराच्या साखळ्या एकमेकींना अत्यंत घट्ट धरतात आणि तरीही दोन्ही अव्यवस्थितच राहतात. तिथे कुलूपही नाही आणि किल्लीही नाही. आणि अल्फाफोल्ड हा रचना वर्तवणारा संगणक-कार्यक्रम अशा प्रथिनांचेही चित्र देतोच की, असे कोणी म्हणालेच, तर त्या चित्रातला नारिंगी रंग कशासाठी असतो ते विचार: विश्वासाचा गुण ५० च्या खाली असलेले ते भाग आहेत, आणि तिथल्या वेटोळ्यांना आकार म्हणून काही अर्थ नसतो.

आता तुझ्या आलेखाकडे येते. तफावत कुठून आली याचे संशयित तीन आहेत, आणि त्यांची चौकशी स्वस्तापासून महागाकडे अशाच क्रमाने करायला हवी. तू थेट तिसऱ्यावर, म्हणजे फोर्स फील्डवर, अणूंमधली बले ठरवणाऱ्या सूत्रांवर, आरोप ठेवून मोकळी झालीस. तो दोषी असण्याची शक्यता बरीच आहे. पण पहिल्या दोघांना सोडून दिल्याशिवाय तसे म्हणता येणार नाही.

पहिला संशयित म्हणजे पेटी, साखळी आणि पाणी ज्यात ठेवून सिम्युलेशन चालते ती संगणकातली जागा. ही चूक मी स्वतः केली आहे, आणि तुला आजवर सांगितलेली नाही. तुझ्या जन्मानंतर मी पुन्हा कामावर रुजू झाले तेव्हा आमच्या वाट्याला संगणकाचे तास फार थोडे येत असत, म्हणून मी एका अशाच सैल साखळीसाठी ७ नॅनोमीटरची पेटी घेतली आणि उरलेली काटकसर वेळेत खर्च केली. साखळी सुरेख जवळ आली. डोके आणि शेपटी यांच्यामध्ये एक स्थिर पट्टी तयार झाली, मी तिला मनोमन नावही दिले आणि परिषदेसाठी पोस्टर छापून घेतले. परिषदेच्या चार दिवस आधी एका विद्यार्थ्याने सहज म्हणून पेटीच्या चहूबाजूंना मानलेल्या साखळीच्याच प्रतिमा वेगळ्या रंगात दाखवल्या, तेव्हा दिसले की शेपटीने धरलेले डोके तिच्या स्वतःच्या साखळीचे नव्हतेच, ते भिंतीपलीकडच्या तिच्याच प्रतिमेचे होते. आवर्ती सीमांच्या पेटीत एका बाजूने बाहेर गेलेला अणू दुसऱ्या बाजूने आत येतो, हे मी दरवर्षी मुलांना शिकवीत होते! त्या पोस्टरची गुंडाळी अजून माळ्यावर आहे आणि दिवाळीच्या आवराआवरीत दर वर्षी हाती लागते.

तुझी पेटी १० नॅनोमीटरची आहे. साखळीची सगळी वळणे सरळ केली तर १४० अवशेषांची, म्हणजे साखळीतल्या अमिनो आम्लांची, लांबी पन्नास नॅनोमीटरच्या पुढे जाते. तेवढी ती कधी ताणली जात नाही, पण रेडियस ऑफ जायरेशन साडेतीन असलेल्या साखळीची दोन टोके प्रसंगी दहाच्या पलीकडे जाऊ शकतात. ग्रोमॅक्स या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये मिनडिस्ट ही आज्ञा 'पीआय' हा पर्याय देऊन चालव. साखळी आणि तिची प्रतिमा यांतील किमान अंतर तुझ्या कटऑफच्या, म्हणजे ज्यापलीकडचे बल तू थेट मोजत नाहीस त्या १.२ नॅनोमीटरच्या, खाली एकदा जरी गेले असेल तरी ती धाव मी जमेस धरणार नाही. पेटी १५ ची करायची म्हटली तर पाणी १ लाख अणूंवरून ३ लाख ४० हजारांच्या घरात जाईल, आणि हे सारे सुमारे २ हजार अणूंच्या एका प्रथिनासाठी. घनाऐवजी रॉम्बिक डोडेकाहेड्रॉन हा बारा पृष्ठांचा आकार घेतलास तर प्रतिमांमधील तेवढ्याच अंतराला घनाच्या ७१ टक्के जागा पुरते; तुझ्या वरिष्ठांना हे माहीत असेलच, पण तुझ्या फाइलमध्ये मला ते दिसले नाही.

दुसरा संशयित म्हणजे नमुन्यांची संख्या, आणि माझ्या मते तुझे खरे दुखणे इथे आहे. तू प्रत्येकी १ मायक्रोसेकंदाच्या तीन धावा केल्यास. २ फेम्टोसेकंदाच्या पावलाने हे दीडशे कोटी पावलांचे काम आहे, आणि १९७७ मध्ये मॅकॅमन, गेलिन आणि कारप्लस यांनी ५८ अवशेषांच्या प्रथिनाचे पहिले सिम्युलेशन केले ते सुमारे ९ पिकोसेकंदांचे होते हे लक्षात घेता कष्ट थोडे नाहीत. दर १० पिकोसेकंदांनी एक फ्रेम जपून ठेवल्यामुळे तुझ्याकडे ३ लाख फ्रेम जमल्या आणि तू त्या तीन लाखांचे वर्गमूळ भाजकात घेऊन त्रुटीची रेघ काढलीस. ती रेघ आलेखात दिसतसुद्धा नाही. पण अशा साखळ्या आपला आकार विसरायला साधारण ५० ते १०० नॅनोसेकंद घेतात असे प्रतिदीप्तीच्या प्रयोगांतून दिसते; आखडलेली, स्वतःलाच चिकटलेली साखळी त्याहून जास्त घेईल. शंभर धरले तरी एका मायक्रोसेकंदात स्वतंत्र नमुने दहाच, आणि तिन्ही मिळून तीस. तुझे प्रमाण विचलन ०.३ आहे, तीन लाखांच्या वर्गमुळाने भागल्यास ०.०००५ येते आणि तीसच्या वर्गमुळाने भागल्यास ०.०५. ही शंभर पटींची चूक आहे, आणि ती तुझ्या स्वभावातल्या घाईची आहे. तिचे खापर यंत्रावर फोडू नकोस.

त्यातून तिन्ही धावांची सुरुवात एकाच आकारापासून झाली. तू प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहातली १एक्सक्यू८ ही नोंद घेतलीस, आणि ती २००५ सालची रचना साबणाच्या मायसेलला, म्हणजे साबणाच्या रेणूंच्या गोळीला, चिकटलेल्या साखळीची आहे. तिच्यात दोन लांब हेलिक्स, म्हणजे मळसूत्री भाग, आहेत, जे मोकळ्या पाण्यातल्या साखळीत तसे नसतात. ती तापवून जो पहिला आखडलेला आकार मिळाला तोच तू तिन्ही पेट्यांत ठेवलास आणि फक्त सुरुवातीचे वेग बदललेस. तीन धावा एकमेकींशी जुळल्या याचा तुला आनंद झाला. मला मात्र एकाच घरातल्या तीन भावंडांनी एकसारखी साक्ष द्यावी तसे वाटले.

यावर उपाय आहे आणि तो तुझ्या कुवतीतला आहे. एका अवशेषाला एक मणी धरणारे साधे प्रारूप आधी चालव. २०२४ मध्ये अशाच एका प्रारूपाने मानवी प्रथिनांतील २८ हजारांवर अव्यवस्थित तुकड्यांची सिम्युलेशन केली गेली, म्हणजे ते किती हलके असेल बघ. त्यातून साखळी ताणलेली, मध्यम आणि आखडलेली असे वीस आकार निवड, त्यांच्यावर सर्व अणू चढव, आणि एका लांब धावेऐवजी वीस बेताच्या धावा कर. ताणलेल्या सुरुवाती आखडत गेल्या आणि आखडलेल्या सैलावत आल्या, आणि दोन्ही एकाच जागी भेटल्या, तर त्या आकड्यावर मी विश्वास ठेवीन, मग तो १.९ का असेना.

भेटल्याच, आणि आकडा तरीही लहान राहिला, तर मग तिसरा संशयित. "पाण्यात गेले" हे तू वैतागून म्हणालीस, पण ते अक्षरशः खरे असू शकते. तू वापरलेले टिप-थ्री-पी हे पाण्याचे प्रारूप १९८३ चे आहे आणि जुनी फोर्स फील्ड त्याच्याबरोबर घडी घातलेल्या प्रथिनांवर पारखली गेली. त्या जोडीत प्रथिनाला पाण्यापेक्षा प्रथिनच किंचित जास्त आवडते. घडीतल्या प्रथिनात ही पक्षपाती ओढ खपून जाते, कारण आतला गाभा तसाही पाण्यापासून मिटलेला असतो. पण सैल साखळीतला प्रत्येक अवशेष क्षणोक्षणी शेजारी की पाणी हा निर्णय घेत असतो, आणि १४० ठिकाणची ती किंचित चूक एकत्र आली की सगळी साखळी गोळा होते. म्हणूनच २०१५ मध्ये टिप-फोर-पी-डी हे पाण्याचे प्रारूप आले, २०१७ मध्ये चार्म-३६-एम आणि २०१८ मध्ये ए-९९-एसबी-डिस्प ही फोर्स फील्ड. यांपैकी कोणतेही दोन घे. एकच घेतलेस तर तुला उत्तर मिळेल, पण त्यातले फोर्स फील्डचे किती आणि प्रथिनाचे किती हे कळणार नाही.

तुझे मार्गदर्शक म्हणतात तसे आहे त्या फ्रेमनाच प्रयोगाच्या आकड्यांनुसार नवे भार, म्हणजे कमीजास्त महत्त्व, देणे, हे मला आज पसंत नाही. ती पद्धत खोटी नव्हे, मीही वापरली आहे. परंतु तुझ्या तीन लाख फ्रेममध्ये साडेतीनच्या पुढच्या जेमतेम चाळीस असतील आणि सगळा भार त्या चाळिसांवर टाकूनच सरासरी जुळत असेल, तर जुळली असे म्हणण्यात काही स्वारस्य नाही. भार दिल्यावर परिणामकारक नमुने किती उरतात ते आधी काढ आणि तो आकडा प्रबंधात लिही, लाज वाटली तरी लिही. आणखी एक बारीक गोष्ट: सॅक्स त्रिज्येच्या वर्गाची सरासरी देते आणि साखळीभोवतीचे दाट पाणीही तिला दिसते, तू मात्र नुसत्या त्रिज्येची सरासरी तिच्याशेजारी ठेवलीस. याने तुझी तफावत मिटणार नाही, फरक काही टक्क्यांचाच असेल. पण फ्रेमवरून थेट विकिरणाची वक्ररेषा काढून ती प्रयोगाच्या रेषेवर ठेवावी, हे रीतीचे.

तुझ्या मावशीने परवा विचारले की या प्रथिनावरून पार्किन्सनचे औषध कधी निघणार. त्या रोगात मेंदूच्या पेशींत दिसणाऱ्या ल्युई बॉडीज नावाच्या गाठींमध्ये साठणारे ते हेच प्रथिन, हे तिने कुठेतरी वाचले होते. मी तिला सांगितले की ज्या प्रथिनाला औषध बसायला कायमचा खळगाच नाही त्याच्यावर औषध शोधणे अवघड आहे, आणि मुक्ता सध्या त्याच्या कितीतरी आधीच्या पायरीवरच्या प्रश्नावर आहे. तूही घरी कोणाला याहून अधिक सांगू नकोस.

वीज आली आहे. मिनडिस्टचा आलेख शनिवारपर्यंत पाठव, पेटीचे माप आणि पाण्याच्या प्रारूपाचे नाव त्याच कागदावर असू दे. आणि वीस सुरुवातींपैकी पहिल्या चार रांगेत लागल्या की त्यांची रेडियस ऑफ जायरेशन वेळेनुसार काढून पाठव, सरासरी न काढता, चारही रेघा वेगवेगळ्या.

तुझी,
आई